कौटुंबिक ताण आणि ख्रिस्ती श्रद्धा : गोव्यातील मराठी वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सावंतवाडी, वेंगुर्ले, बेळगाव, कोल्हापूर या भागांतून नोकरीधंद्यानिमित्त येऊन गोव्यात स्थायिक झालेली ख्रिस्ती कुटुंबे आणि घरात कोंकणी बोलूनही वाचनासाठी मराठी हाती घेणारे गोमंतकीय, अशा दोघांनाही डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरे लिहिली आहेत. उत्तरांचा पाया मुख्यतः कॅथलिक परंपरेचा आहे. बायबलमधील दाखले मात्र इतर ख्रिस्ती मंडळींतील वाचकांनाही तितकेच लागू पडतील. येथील घरांत ताण येतो तो बहुधा ओळखीच्याच वाटांनी येतो : वाटणी न झालेले घर, परदेशी गेलेला कर्ता माणूस, दारू, न जुळणारी नाती आणि म्हातारपणी एकटे पडलेले आईवडील. म्हणून प्रश्नही त्याच क्रमाच्या आसपास आले आहेत.

आम्ही नियमित मिस्सेला, म्हणजे चर्चमधील सामूहिक उपासनेला, जातो, तरी घरात सतत कटकट असते. आमची श्रद्धा कमी पडते का?

असा निष्कर्ष काढण्यास बायबलमध्ये कोठेही आधार नाही. उत्पत्तीच्या पुस्तकातील एकही मोठे कुटुंब भांडणावाचून राहिलेले दिसत नाही : काइनाने भावाचा जीव घेतला, याकोबाने एसावाचा आशीर्वाद लबाडीने मिळवला, योसेफाला तर भावांनीच विकून टाकले. नव्या करारातही प्रभू येशूच्या नातलगांना त्याचे भान हरपले आहे असे वाटून ते त्याला धरून न्यायला निघाले होते, हे मार्कच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात स्पष्ट लिहिले आहे. बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात मागे राहिला तेव्हा मरिया आणि योसेफ तीन दिवस कासावीस होऊन त्याला शोधत होते, आणि तो सापडल्यावर मरियेने त्याला सरळ जाब विचारला. २०१५ मध्ये फिलाडेल्फिया येथे बोलताना पोप फ्रान्सिस यांनी कुटुंबांत कधी कधी ताटल्याही उडतात, मुले डोके उठवतात, आणि सासूबाईंविषयी तर आपण बोलतच नाही, असे म्हणून सगळ्यांना हसवले होते.

ताण येणे हे श्रद्धेचे अपयश मानले की दुसरी अडचण सुरू होते. घरात काही बिघडले आहे हे कोणाला कळू नये म्हणून कुटुंब रविवारी चर्चमध्ये नीटनेटके दिसण्याची धडपड करते, आणि ज्या लोकांकडून मदत मिळू शकली असती त्यांच्यापासूनच दूर जाते.

मन इतके गढूळ असते की प्रार्थना सुचत नाही. अशा वेळी काय म्हणावे?

सुचत नसेल तर दुसऱ्याचे शब्द उसने घ्यावेत. स्तोत्रसंहिता त्याचसाठी आहे. तेरावे स्तोत्र 'परमेश्वरा, किती काळ?' या तक्रारीनेच सुरू होते. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर शेवटपर्यंत उजेडाकडे वळतही नाही, अंधारातच संपते, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात जपून ठेवलेले आहे. देवापुढे रडणे, चिडणे, गाऱ्हाणे घालणे हे अश्रद्धपणाचे लक्षण असते तर ही स्तोत्रे केव्हाच गाळली गेली असती.

शक्य होईल तितके नेमके बोलावे, एवढीच सूचना करावीशी वाटते. 'घरात शांती दे' असे मोघम मागण्यापेक्षा 'उद्या सकाळी दादाशी बोलताना माझा आवाज चढू नये' असे मागितले, तर सकाळी आपले काम काय आहे हेही आपल्याला कळते. कशाचीही चिंता न करता आपली मागणी देवाला कळवा, हे फिलिप्पैकरांस पत्रातील वाक्य पौलाने तुरुंगातून लिहिले होते; ते सुखवस्तू माणसाचे कोरडे सांत्वन नाही. आणि शब्द अजिबातच फुटले नाहीत, तर आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो असे रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात म्हटले आहे, त्यावर विसंबून नुसते बसून राहावे.

संध्याकाळच्या तेर्साच्या (जपमाळेच्या प्रार्थनेच्या) वेळीच आमच्याकडे वाद होतात. एकत्र प्रार्थना बंद करावी का?

बंद करू नये, लहान करावी. जपमाळेची पाचही रहस्ये म्हणायचीच असा हट्ट धरला की दमून आलेला मुलगा दुसऱ्या रहस्यालाच मोबाइलकडे बघू लागतो, आजीला ते दिसते, आजीचा 'नमो मरिया' एक पट्टी वर चढतो आणि शेवट बोलाचालीत होतो. अशा घरात एकच रहस्य, पण सगळ्यांनी मिळून, हे पुष्कळ बरे. कोणी शिफ्टवर असेल तर वेळ पुढेमागे करावी. संध्याकाळचे सात ही वेळ प्रभूने ठरवून दिलेली नाही.

दुसरे पथ्य अधिक महत्त्वाचे आहे. प्रार्थनेचा उपयोग टोमणे मारण्यासाठी करू नये. 'हे प्रभू, या घरातल्या काही माणसांना सद्बुद्धी दे' असे सुनेच्या देखत मोठ्याने म्हणणे ही प्रार्थना नसते, आणि ते सुनेलाही कळते. उघड प्रार्थनेत प्रत्येकाने स्वतःसाठी मागावे आणि दुसऱ्याबद्दल फक्त आभार मानावेत, असा नियम ज्या घरांनी लावून घेतला त्यांना त्याचा गुण आलेला आहे.

तेर्स संपल्यावर लहानांनी मोठ्यांकडे बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागण्याची गोमंतकीय रीत मात्र सोडू नये, आणि बाहेरून येथे आलेल्या कुटुंबांनीही ती खुशाल उचलावी. दिवसभर अबोला धरलेला मुलगा वडिलांपुढे हात जोडून उभा राहतो, वडील मान वर न करता का होईना पण आशीर्वाद देतात, आणि अबोला कोणी सोडायचा हा प्रश्न त्या क्षणापुरता तरी मिटतो.

भावंडांत घराच्या आणि जमिनीच्या वाटणीवरून वाद आहे. ख्रिस्ती माणसाने आपला हिस्सा सोडून द्यावा का?

गोव्यात सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा हा प्रश्न आहे, म्हणून त्याला थोडी जागा द्यावी लागेल.

लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात एक माणूस गर्दीतून येशूला म्हणतो की, माझ्या भावाला माझ्याबरोबर वतन वाटून घ्यायला सांगा. येशू न्यायाधीश होण्यास नकार देतो आणि लगेच सगळ्यांनाच लोभापासून जपण्याचा इशारा देतो. या प्रसंगाचा आधार घेऊन 'तू प्रार्थना करणारी, तुला कशाला हवा वाटा, कर सही' असे बहिणीला सांगितले जाते, तेव्हा त्या वचनाचा सरळ गैरवापर होतो, कारण इशारा मागणाऱ्याला आहे तसाच दाबून ठेवणाऱ्यालाही आहे. मुलींच्या हक्काविषयी तर गणना या पुस्तकाचा २७ वा अध्याय वाचावा. सलाफहादाच्या पाच मुली मोशे आणि सर्व सरदारांसमोर उभ्या राहून बापाच्या वतनात वाटा मागतात, आणि मुलींचे म्हणणे रास्त आहे असा निर्वाळा खुद्द परमेश्वर देतो.

कायद्याची बाजूही माहीत असलेली बरी, कारण अर्धा ताण अर्धवट माहितीतून येतो. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालत आली असून वारसाहक्काचे नियम आता गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाही कायदा, २०१२ यात आहेत. या व्यवस्थेत मुलगा आणि मुलगी यांचा हक्क समान आहे, आणि मुले असताना आईवडिलांना मृत्युपत्राने साधारणपणे आपल्या अर्ध्याच मालमत्तेची मनाप्रमाणे विल्हेवाट लावता येते. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक धरली जाते, म्हणून विक्रीला दोघांचीही संमती लागते. भावंडांचे आपसांत जमले नाही तर न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत वाटणी करून घेण्याची कार्यवाही, दाखल होते. तुमचे कुटुंब मूळचे महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील असेल, तर तुम्हाला नेमका कोणता कायदा लागू होतो हे आधी वकिलाला विचारून घ्यावे. शेजाऱ्याला लागू झालेला नियम तुम्हाला लागू होईलच असे नाही.

आता बैठकीविषयी. फेस्ताच्या जेवणावर हा विषय काढू नये. पाहुणे, पेला आणि जुनी दुखणी एकाच टेबलावर आली की पुढे काय होते ते सांगायला नको. दुपारची वेळ ठरवावी, दारू नसावी, बहिणींना आणि परदेशातील भावंडांना व्हिडिओ कॉलवर का होईना पण सुरुवातीपासून घ्यावे, आणि वन-फोर्टीनचा (जमिनीच्या हक्कनोंदीचा) उतारा, जुने दस्त, मृत्यूचे दाखले असे सगळे कागद टेबलावर मधोमध ठेवावेत, म्हणजे सगळ्यांची नजर एकमेकांच्या चेहऱ्यांऐवजी कागदांवर राहते. दोन्ही बाजू मानतात असा एखादा वयस्कर नातलग किंवा फादर ऐकायला बसवावा. त्याने निवाडा करू नये, फक्त प्रत्येकाचे बोलणे पुरे होऊ द्यावे.

एकत्र राहणेच अशक्य झाले असेल तर वेगळे होण्यात पाप नाही. अब्राहाम आणि लोट यांच्या गुराख्यांत भांडणे होऊ लागली तेव्हा अब्राहामाने, वडीलधारा असूनही, पुतण्याला आधी प्रदेश निवडू दिला आणि दोघे वेगळे झाले. पुढच्याच अध्यायात लोट शत्रूच्या हाती सापडतो आणि त्याला सोडवायला अब्राहामच धावून जातो. वेळेवर आणि मानाने केलेल्या वाटणीने नाते वाचते. रखडवलेल्या वाटणीने बहुतेकदा घरही पडते आणि नातेही. बंद दाराची, कौले ढासळलेली घरे पाहायला गोव्यात फार लांब जावे लागत नाही.

राहता राहिला हिस्सा सोडण्याचा प्रश्न. स्वखुशीने, पूर्ण माहिती घेऊन, कोणाच्या दडपणाखाली न येता कोणी हिस्सा सोडत असेल तर ते दान आहे. दडपणाखाली केलेली सही दान ठरत नाही, आणि तिची आठवण पुढे कित्येक वर्षे प्रार्थनेच्या आड येत राहते.

क्षमा केली म्हणजे सगळे पूर्वीसारखे झाले पाहिजे का?

नाही. क्षमा एका माणसाला करता येते. समेटाला दोन माणसे लागतात. मत्तयच्या अठराव्या अध्यायात सत्तर वेळा सातदा क्षमा करण्याची आज्ञा आहे, पण त्याच अध्यायात त्याआधी चूक करणाऱ्या भावाला एकांतात गाठून त्याची चूक दाखवावी, न ऐकल्यास एकदोन साक्षीदार न्यावेत, तरीही न ऐकल्यास मंडळीला सांगावे, अशी पायऱ्यापायऱ्यांची रीतही दिली आहे. बहुतेक घरांत ही रीत उलटी चालते : आधी सगळ्या वाड्याला कळते आणि ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याला सर्वांत शेवटी. योसेफानेही भावांना ओळखल्याबरोबर मिठी मारली नाही. ते बदलले आहेत का, हे त्याने आधी पारखून घेतले.

नवऱ्याच्या दारूने घर पोखरले आहे. नवस बोलूनही सुटत नाही. काय करावे?

दारूचे व्यसन हा आजार आहे हे प्रथम मान्य करावे. उपवासकाळात अनेक पुरुष दारूला शिवत नाहीत आणि ईस्टरच्या दुपारी पुन्हा बाटली उघडतात. चाळीस दिवस सोडता येते म्हणजे व्यसन नाही, असा सोयीचा अर्थ त्यातून घरचेही लावतात. पण पुन्हा घेतल्यावर थांबता येते की नाही, ही खरी खूण आहे.

येथे एक सावधगिरी. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने नवसाच्या भरात एकाएकी दारू बंद केली तर हातापायांना कंप सुटणे, भास होणे, आकडी येणे असे प्रकार होऊ शकतात आणि त्यात जीवालाही धोका असतो. अशा माणसाने डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दारू सोडावी. बांबोळी येथील मानसोपचार व मानवी वर्तन संस्थेत, म्हणजे आय.पी.एच.बी.मध्ये, यासाठी उपचार मिळतात.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली, व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्यांनी एकमेकांसाठी चालवलेली संघटना आहे. तिचे गट गोव्यातही भरतात, फी नसते, आणि आडनाव विचारले जात नाही. ती चर्चची संस्था नव्हे, परंतु आपण या गोष्टीपुढे हतबल आहोत हे कबूल करणे, आपल्याहून मोठ्या शक्तीवर भार टाकणे, ज्यांना दुखावले त्यांची भरपाई करणे, हे तिचे टप्पे ख्रिस्ती माणसाला परके वाटणार नाहीत. पिणाऱ्याच्या कुटुंबीयांसाठी ॲल-ॲनॉन नावाचे वेगळे गट असतात, आणि बायकोने तेथे जाण्यासाठी नवरा सुधारण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

घरच्यांनी करायचे काम कठीण आहे. कामावर खोटे निरोप देणे, उधारी गुपचूप फेडणे, मुलांना 'बाबांना बरे नाही' असे सांगणे यातून अब्रू झाकली जाते, पण पिणाऱ्यावर काहीच येऊन पडत नाही. उधळ्या पुत्राच्या गोष्टीतील बाप मुलाची वाट पाहतो, तो दुरून दिसताच धावतही जातो. पण मुलगा दूर देशी पैसे उडवत असताना तो त्याला आणखी पैसे पाठवत नाही. मुलगा शुद्धीवर येतो तो उपाशी राहिल्यावर.

नवरा हात उचलतो. विवाह हा संस्कार आहे म्हणून सहन करावे का?

करू नये. चर्चच्या कायद्यातील, म्हणजे १९८३ च्या कॅनन लॉ संहितेतील, कलम ११५३ सांगते की जोडीदारामुळे दुसऱ्याच्या किंवा मुलांच्या आत्म्यास वा शरीरास गंभीर धोका असेल तर वेगळे होण्यास ते न्याय्य कारण आहे. विलंबात धोका असेल तर कोणाच्या परवानगीसाठी थांबण्याचीही गरज नाही. वेगळे राहिल्याने संस्कार मोडत नाही आणि मिस्सेत ख्रिस्तप्रसाद घेण्याचा हक्कही जात नाही. पत्नीने अधीन राहावे या वाक्यावर बोट ठेवणाऱ्यांनी इफिसकरांस पत्रातील त्याच्या आधीचे वाक्य वाचावे, ज्यात एकमेकांच्या अधीन राहण्यास सांगितले आहे, आणि नंतरचेही वाचावे, ज्यात नवऱ्याने ख्रिस्ताप्रमाणे स्वतःला अर्पण करावे असे आहे.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा गोव्यातही लागू आहे. महिलांसाठी १८१, तातडीच्या प्रसंगी ११२ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. 'घरातली गोष्ट घरातच ठेव, प्रार्थना कर' असा सल्ला कोणी दिला, मग तो कितीही आदरणीय माणसाचा असो, तर तो ऐकू नये. आधी सुरक्षित जागा गाठावी. प्रार्थना तेथेही करता येते.

नवरा जहाजावर असतो. इथले सगळे माझ्यावर पडते आणि तो सुट्टीवर आला की भांडणे वाढतात.

तार्वटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्यांच्या, कुटुंबांना हा अनुभव नवा नाही. कित्येक महिने घराचे सगळे निर्णय एकटीने घेतलेली बाई आणि कित्येक महिने केबिनमध्ये राहून घराची स्वप्ने रंगवणारा पुरुष एकाच छपराखाली येतात, तेव्हा पहिले काही दिवस पाहुणचारात जातात आणि त्यानंतर कुरबुर सुरू होते. मुलेही परवानगी कोणाकडे मागायची या घोळात असतात. सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात मोठे निर्णय, जमिनीचे व्यवहार आणि नातेवाइकांची रांग टाळावी. परतण्याआधी पैशांचा हिशेब दोघांनी कागदावर लिहून काढावा, कारण 'एवढे पाठवतो, जाते कुठे?' या एका वाक्याने जितकी मने दुखावतात तितकी दुसऱ्या कशाने क्वचितच दुखावत असतील.

तो समुद्रावर असताना आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर मिळून एखादे रहस्य किंवा एखादे स्तोत्र म्हणता येते. मुलांच्या मार्कांची चौकशी आणि बिलांची यादी यापलीकडे बोलण्यासारखे काही उरावे, यासाठी त्याचा उपयोग होतो.

सासूसुनेचे पटत नाही. बायबलमध्ये याला काही उत्तर आहे का?

रूथ आणि नामी यांची गोष्ट सगळे सांगतात, पण नामीने सुरुवातीला सुनेला माघारी जाण्याची मोकळीक दिली होती, हे सांगायचे राहते. रूथ राहिली ती स्वतःच्या निवडीने. शक्य असेल तेथे वेगळी चूल, निदान वेगळा मजला, आणि रविवारचे जेवण एकत्र, ही तडजोड पुष्कळ घरांत चालते. माणसाने आईबापांना सोडून पत्नीशी जडून राहावे असे उत्पत्तीत लिहिले आहे, आणि ते वाक्य मुलासाठी आहे. दोघींच्या मध्ये निरोप्या होऊन फिरणाऱ्या मुलाने ते विशेष मनावर घ्यावे.

मुलगा चर्चला येत नाही, आणि मुलीने परधर्मातील जोडीदार निवडला आहे. आम्ही कोठे चुकलो?

चुकलाच असाल असे नाही. संत मोनिकेने आपल्या मुलासाठी, म्हणजे ऑगस्टिनसाठी, कित्येक वर्षे अश्रू ढाळले. त्याच्याशी वाद घालून त्याला वळवा, अशी गळ तिने एका बिशपांना घातली तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. तो अजून ऐकण्याच्या मनःस्थितीत नाही, त्याला काही काळ तसाच राहू द्या आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा, असे त्यांनी सांगितले. ऑगस्टिनचा बाप्तिस्मा पुढे ३८७ मध्ये मिलान येथे झाला. रोज जेवताना चर्चचा विषय काढणाऱ्या पालकांनी त्या बिशपांचा सल्ला आठवावा.

दुसऱ्या भागाविषयी मराठी ख्रिस्ती समाजातलेच उदाहरण देता येईल. कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या, दोघांची काही काळ ताटातूट झाली आणि दोन्हीकडच्या माणसांना अपार त्रास झाला. नंतर त्या पतीकडे परतल्या तेव्हाही त्यांनी लगेच धर्म बदलला नाही; त्यांचा बाप्तिस्मा १९०० मध्ये, त्यांच्या स्वतःच्या मनाने झाला. मधल्या काळात एकाच घरात दोन श्रद्धा नांदल्या. मुलीच्या बाबतीत एवढे नक्की करता येते की घराचे दार बंद करू नये. कॅथलिक व्यक्तीला परधर्मीयाशी चर्चमध्ये विवाह करायचा असल्यास परवानगीची ठरलेली पद्धत आहे; लग्नाची तारीख ठरवण्याआधीच धर्मग्रामाच्या फादरांना भेटावे.

उदासी, झोप न येणे, जीव नकोसा होणे यांवर उपास-प्रार्थना पुरेशी आहे का? औषध घेणे म्हणजे अविश्वास का?

कॅथलिक बायबलमधील बेन सिराच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय सांगतो की वैद्याचा मान राखा, औषधे परमेश्वरानेच जमिनीतून निर्माण केली आहेत, आजारात प्रार्थना करा आणि मग वैद्यालाही त्याची जागा द्या. एलीया संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, आणि उठल्यावर पुन्हा खायला दिले. साधनेच्या किंवा आरोग्यप्रार्थनेच्या मेळाव्यातून आल्यावर चालू असलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करणे धोक्याचे आहे. औषध कमी करायचे ते डॉक्टरांनीच.

टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते, मराठीतूनही. जीव देण्याचे विचार मनात येत असतील तर ते आजच कोणाला तरी सांगावेत, आणि ऐकणाऱ्याने त्या माणसाला एकटे सोडू नये. ज्या घरात अशी घटना घडून गेली आहे त्यांच्यासाठी एवढे सांगणे आवश्यक आहे की गंभीर मानसिक त्रासाने माणसाची जबाबदारी कमी होते असे चर्चची शिकवण मानते, आणि अशा मृतांसाठी प्रार्थना करते. त्यांच्या तारणाविषयी निराश होऊ नये, असे कॅथलिक धर्मशिक्षणात स्पष्ट नमूद आहे.

प्रार्थनागट, चर्चची कामे आणि घरात अंथरुणाला खिळलेली आई, हे सगळे जमत नाही. काय सोडावे?

प्रार्थनागटाची एक संध्याकाळ. आईबापांना द्यायचे ते 'देवाला अर्पण केले' असे सांगून हात वर करणाऱ्यांना येशूने मार्कच्या सातव्या अध्यायात फार कडक शब्दांत सुनावले आहे, आणि वधस्तंभावर असतानाही त्याने आपल्या आईची सोय लावली. जवळच्या भावंडाने सगळे करायचे आणि परदेशातल्यांनी फोनवर सूचना द्यायच्या, हे मात्र न्यायाचे नाही. जे येऊ शकत नाहीत त्यांनी रात्रीच्या आयाचा पगार तरी उचलावा. आजारी व्यक्तीला घरी येऊन ख्रिस्तप्रसाद देण्याची सोय धर्मग्रामांत असते, त्यासाठी नाव नोंदवावे. ज्येष्ठांना मुले सांभाळत नसतील तर २००७ च्या कायद्याखाली निर्वाहासाठी अर्ज करता येतो, आणि १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मदत क्रमांक आहे.

फादरांना सांगितले तर गावभर होईल, अशी भीती वाटते.

पापनिवेदनात सांगितलेले गुपित फादर कोणत्याही कारणासाठी फोडू शकत नाहीत. ते फोडणे हा चर्चच्या कायद्यात अत्यंत गंभीर अपराध आहे. पण चर्चच्या अंगणात, चार लोकांच्या देखत उभ्या उभ्या केलेल्या बोलण्याला हे कवच नसते, म्हणून वेळ मागून, आत बसून बोलावे. आपल्या गावात संकोच वाटत असेल तर दुसऱ्या धर्मग्रामात जाण्यास काहीच हरकत नाही. जुन्या गोव्याला किंवा पिलारला जाऊन मन मोकळे करणारे कितीतरी आहेत. मराठीतच बोलायचे असेल तर सिंधुदुर्गात किंवा महाराष्ट्रात सेवा करून आलेले फादर कोण आहेत, ते विचारून घ्यावे. मात्र नवराबायकोच्या जुनाट वादांना एका भेटीपेक्षा अधिक काही लागते, आणि तेथे प्रशिक्षित समुपदेशकाकडे जाणेच योग्य.

घरातील संकट दूर व्हावे म्हणून खास प्रार्थनेसाठी पैसे मागितले जातात. द्यावेत का?

मिस्सेसाठी ऐच्छिक दान देण्याची प्रथा आहे, पण पैसे नाहीत म्हणून कोणाची प्रार्थना अडत नाही. ठराविक रक्कम दिल्यास ठराविक संकट टळेल असे कोणी सांगत असेल तर तेथून उठावे.

आम्ही ख्रिस्ती नाही. तरी चर्चमध्ये बसलो, किंवा ख्रिस्ती समुपदेशकाकडे गेलो तर चालेल का?

चालेल. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला, म्हणजे तेथील चर्चमधील मरियामातेला, हिंदू भाविक पूर्वापार जातात, आणि जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या दर्शनाला येणाऱ्यांतही सर्व धर्मांचे लोक असतात. मिस्सेच्या वेळी मागे बसून ऐकावे. ख्रिस्तप्रसाद मात्र कॅथलिकांसाठीच असतो, म्हणून त्या रांगेत उभे राहू नये. समुपदेशकाकडे जाताना धर्म बदलण्याची अट नसते, आणि कोणी तशी घातलीच तर दुसरा समुपदेशक शोधावा.